एल्डनचा सुधारलेला ताल

कीबोर्ड गप्प बसला किंवा कम्प्युटरवरची गाण्याची फाइल वाद्याला उमगेना, की गावातली माणसं म्हणायची, ऑर्व्हलकडे टाका. मिनेसोटाच्या त्या टापूत दर चार मैलांवर एक लूथरन चर्च, आणि प्रत्येकात कुणीतरी दान दिलेला विजेचा ऑर्गन. तेव्हा ऑर्व्हल ट्वाइटला कामाला तोटा नव्हता. घमेंडही होती, पण ती आतल्या आत. कुणी कौतुक केलं की मान खाली घालून "छे, जमलं कसंबसं" म्हणायची तिकडे रीतच आहे, आणि ते म्हणण्यात ऑर्व्हल पटाईत होता.

एल्डन हेगलंड फेब्रुवारीत गेला. चाळीस वर्षं दर रविवारी चर्चचा ऑर्गन त्याने वाजवला. कसा वाजवला ते विचारू नका. सूर बरोबर, पण तालाच्या नावाने बोंब. चांगलं चाललेलं गाणं मध्येच कुठेतरी थांबायचं, सगळी मंडळी तोंडं उघडी ठेवून ताटकळायची, मग स्वारी पुढे निघायची. मागच्या माडीवर, ऑर्गनपाशी, गाणाऱ्यांत उभा राहून ऑर्व्हल इतकी वर्षं दातओठ खात होता. घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवायचा.

एप्रिलमध्ये आर्लिस, एल्डनची बायको, एक फ्लॉपी डिस्क घेऊन ऑर्व्हलच्या दारात आली.

"शेवटच्या थंडीत त्याने घरच्या कीबोर्डवर वाजवलं होतं. एकच प्रार्थनागीत. चर्चच्या ऑर्गनमध्ये घातली, तर वाचता येत नाही म्हणतो."

"आण इकडे. आणखी कुठे उतरवून ठेवलंय?"

"नाही रे, एवढीच आहे. त्याच्या नावाची प्रार्थना आहे ना रविवारी, तेव्हा मला त्याच्या वाजवण्यावर एकदा गायचंय. एवढं कर."

दुखणं काय ते ऑर्व्हलला बघताक्षणी कळलं. अशा फाइलीत आवाज नसतोच; कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, एवढीच नोंद असते. एल्डनच्या फाइलीत डावा हात आणि उजवा हात वेगवेगळे ठेवलेले, आणि म्हाताऱ्या ऑर्गनला सगळं एकत्र लागायचं. शिवाय डिस्क नव्या जातीची. ऑर्व्हलने फाइल कम्प्युटरवर घेतली, दोन्ही हात एकत्र केले. डिस्कच्या कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे ऑर्गन तिला जुनी समजतो, आणि ती पुसून नव्याने तयार केली. आता फाइल परत तिच्यावर उतरवली की काम संपलं.

पण त्याने ती आधी ऐकली. आणि हात शिवशिवले.

प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीनंतर तो जीवघेणा थांबा होताच. अख्ख्या गावासमोर गेलेल्या माणसाची शोभा कशाला, असं स्वतःला सांगत ऑर्व्हलने थांबे कापले, पुढचे सूर मागे ओढले, ताल घड्याळासारखा केला. जुन्या फाइलीच्या जागी ही ठेवू का, असं कम्प्युटरने विचारलं. नक्कल ठेवल्याशिवाय फाइलीला हात लावू नका, असं लोकांना दटावणाऱ्या ऑर्व्हलने 'हो' दाबलं. त्या जुन्यात ठेवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

रविवारी रिकाम्या बाकासमोर ऑर्गनच्या पट्ट्या आपोआप वाजायला लागल्या. मंडळी उभी राहिली. पहिल्या रांगेतून आर्लिसचा बारीक, स्वच्छ आवाज ऑर्व्हलला वेगळा ऐकू येत होता. तिसरी ओळ संपली. संगीत पुढे गेलं, ती मागे राहिली. खांदे वर उचललेले. तिने श्वास ओढला आणि धावत उरलेली ओळ गाठली. दुसऱ्या कडव्यात तेच. तिसऱ्यात पुस्तक मिटून खाली बसली.

तिचं अर्धं फुप्फुस लहानपणीच काढलेलं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. ऑर्गनवर एक छोटा आरसा होता. तो पाद्रीबाईंच्या खुणा दिसाव्यात म्हणून असतो, अशी ऑर्व्हलची समजूत. आज एल्डनच्या रिकाम्या बाकामागून पाहिलं तर त्यात आर्लिसची जागा दिसत होती.

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चाळीस वर्षं तो माणूस बायकोच्या श्वासासाठी थांबत होता, आणि हा शहाणा त्याच्या नकला करत होता.

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. ऑर्व्हल जिन्यावरूनच सटकणार होता, पण दोन कप घेऊन आलेल्या आर्लिसने गाठलंच आणि एक त्याच्या हातात दिला.

"घाईत वाजलं रे आज."

"ऑर्गन जुना झालाय," तो कपात बघत म्हणाला. "फाइल नीट वाचत नाही."

खोटं इतकं सहज निघालं, की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"मला वाटलंच." तिचा चेहरा उजळला. "म्हणजे डिस्कमध्ये तो आहे तसाच आहे ना? डुलुथला माझ्या भाचीच्या चर्चमध्ये नवा ऑर्गन आलाय. चार तासांची वाट आहे, पण जाईन मी. तू एवढा खपलास माझ्यासाठी."

तिने त्याच्या दंडावर थोपटलं. ते मात्र त्याला सोसवेना.

"नको जाऊस, आर्लिस. ऑर्गनचं काही बिघडलेलं नाही. एल्डनच्या वाजवण्यावर मीच हात फिरवला. थांबे काढून टाकले."

"मग परत घाल."

"मूळ पुसलं मी. कुठेच नाही आता."

ती रागावलीही नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"कशाला पण?"

"लोकांनी हसू नये म्हणून."

"लोक?" ती म्हणाली. "इथे एल्डनला कोण हसत होतं?"

कॉफीच्या मोठ्या भांड्याभोवती सगळं गाव उभं होतं. ऑर्व्हलने एकेक चेहरा आठवून पाहिला. ताटकळत उभे राहायचे सगळे, पण हसलेला एकही त्याला आठवेना.

"मी," तो म्हणाला. "मी हसायचो."

आर्लिसने कप खाली ठेवला आणि खुंटीवरचा कोट काढला. एका बाहीत हात गेला, दुसरी काही तिला सापडेना. ऑर्व्हल तिच्या मागेच उभा होता, पण बाही धरून द्यायला त्याचा हात पुढे झाला नाही.