जिताडा

"वाकडा गेला," हे म्हणाले. "परत वाकडाच. बघ गं जरा."

यांच्या हातात बोटभर लांबीचा रबरी मासा होता आणि त्याच्या पाठीतून गळाचं टोक भलतीकडूनच बाहेर आलं होतं. मी वाती वळत होते.

"मला नका सांगू. माझा सोमवार आहे आज."

"अगं, रबर आहे. सोवळ्यातसुद्धा चालेल."

हसू दाबत मी तो मऊ, बुळबुळीत प्रकार हातात घेतला. रोज देवासाठी हार ओवते, त्यामुळे सुई नेमकी कुठून न्यायची ते बोटांना कळतं. गळ तोंडातून आत घातला, कण्याच्या रेषेत पुढे नेला आणि पाठीवर बाहेर काढला. गळाला जडवलेली शिशाची गोळी तोंडाशी नीट बसली.

"वा! नाहीतर पाण्यात भिंगरीसारखा फिरतो आणि जिताडा हसतो आपल्याला," हे म्हणाले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "चल ना तू पण आज. बघ तरी मी काय करतो ते."

यांनी चौतीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केली. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आणि आवाज बसला तो बसलाच. मग कोपरीहून खाडीपर्यंत रोजचं फिरणं सुरू झालं. तिथे कोळीवाड्यातले भगवान भेटले. त्यांनी आपली जुनी काठी आणि रीळ देऊन टाकलं. गळाला जिवंत कोळंबी लाव, मासा लवकर लागेल, असंही सांगितलं. हे म्हणाले, "नको. आमच्या घरात चालत नाही. जीव नसलेलं काही असेल तर सांग." म्हणून रबरी मासा. तो यांनी माझ्यासाठी शोधला होता. दीड महिन्यात यांना दोन शिंगाळ्या आणि पुष्कळ प्लास्टिकच्या पिशव्या मिळाल्या. शिंगाळ्या यांनी पाण्यात परत टाकल्या. "डॉक्टरांनी मासे बंद केलेत," असं भगवानांना सांगितलं.

डॉक्टरांनी मासे बंद केले नव्हते.

यांचं ऑपरेशन चाललेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसलेले. शेजारी शकू नावाची एक बाई होती, तिचा मुलगा आत होता. म्हणाली, "मी चहा सोडला देवासाठी. माझा जीव की प्राण होता चहा. तुम्ही काय सोडलंत?" मी नुकतीच डोळे मिटून कुलदेवीला म्हटलं होतं, यांना घरी आण, आमच्या घरात मासा शिजणार नाही. म्हटलं, "मासे." तिने माझा हात धरला. "फार आवडतात का हो?" मी "हो" म्हटलं.

माझं माहेर देशावरचं, माळकरी. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. लग्नानंतर सासूबाईंकडून कालवण शिकले ते न चाखता. मीठ बरोबर आहे का ते यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. देवीला मी जे दिलं ते माझं नव्हतंच. आणि यांना कारण सांगायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांचं नाव घेतलं. यांनी एकदाही विचारलं नाही, कायमचं का, म्हणून.

दुपारी खाडीवर गेलो. भरती नुकतीच वळली होती. भगवान दगडावर बसून होते.

"या वैनी! आज नवऱ्याची परीक्षा हाय."

यांनी काठी मागे नेऊन दोरी लांब फेकली आणि घाईघाईने गुंडाळू लागले.

"अरं, यवरी घाई कनाला? कोर्टात साहेब बोलावतंय का?" भगवान ओरडले. "रबराला जीव तूच द्याचा. उचल, थांब, पडू दे. पडताना खातो तो."

हे थांबले. काठीचं टोक हळूच उचललं, मग खाली येऊ दिलं. पुन्हा उचललं. असं कितीतरी वेळ. माझा जप चालू होता. आणि एकदम काठी वाकली.

"अगं, अगं, अगं!" यांचा आवाज असा मोठा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

काठाशी आला तेव्हा चांदीच्या ताटासारखा दिसत होता. भगवानांनी ओलं फडकं दिलं, यांनी खालचा जबडा धरून तो उचलला. दोन किलोचा तरी असेल.

"जिताडा," हे मला म्हणाले. "आई याचं कालवण कोकम घालून करायची. डोकं मला ठेवायची." बोलता बोलता यांनी त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग गळ सोडवला आणि मासा पाण्यात धरायला वाकले.

"थांबा," मी म्हटलं. "डॉक्टर तसं म्हणाले नव्हते."

"काय?"

"मासे. ते मी देवीला बोलले होते. तुम्हाला खोटं सांगितलं."

भगवान उठले. "मी जरा चाय सांगून येतो," म्हणत वाटेला लागले.

हे मासा पाण्यात पुढे-मागे हलवत राहिले. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते.

"आणि तू काय सोडलंस?"

मी पाण्यापर्यंत खाली उतरले.

"घरी घेऊ या," मी म्हटलं. "मी करते कालवण. देवीला मी सांगेन. दोष मला लागू दे."

"मी आलो ना घरी? मग शब्द दिलाय तो दिलाय." यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "चौतीस वर्षं पुकारा केला. न पुकारता उभं राहून गुन्हा कबूल करणारी तूच पहिली." यांनी हात उघडला. जिताडा क्षणभर तिथेच राहिला, मग गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. "पुढल्या खेपेला मात्र तुझं काहीतरी सोड."

परतताना हे पुढे चालले. एरवी माझ्या गुडघ्यांसाठी हळू चालतात.

संध्याकाळी मी एकाच कपाचा चहा टाकला. एरवी उपासालासुद्धा माझा चहा चुकत नाही. हे गॅलरीत पाठमोरे बसले होते.

"तुझा?"

"मला नको."

यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घोट घेतला.

ओट्यावर यांच्या पिशवीतला रबरी मासा पडला होता. जिताड्याने त्याची शेपटी फाडली होती; जराशा धाग्यावर लोंबत होती. रबर गरम केलं की सांधतं, असं भगवान म्हणाले होते. गॅस होता, काडेपेटी होती. मी मासा घेऊन देवासमोर बसले. निरांजनाच्या ज्योतीवर दोन्ही टोकं धरली. उदबत्तीच्या वासात रबराचा उग्र वास मिसळला. बोट भाजलं. टोकं एकमेकांवर दाबली आणि देवीकडे न बघता तशीच बसून राहिले.

हे दारात येऊन उभे होते.

"सरळ बसली का बघा," मी म्हटलं.

हे माझ्याशेजारी खाली बसले, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिले.

"लगेच सोडू नको," हळूच म्हणाले. "गार व्हायला वेळ लागतो."