बिनदाराची कचेरी

निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांना पारदर्शक कारभाराची उबळ आली. एखाद्याला कोनशिलेची येते, एखाद्याला फोटोची येते, यांना दारांची आली. "लोकांपासून लपवण्यासारखं आपल्याकडे आहेच काय?" असं त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून विचारलं. टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या भरात ते म्हणाले, "कचेरीतलं एकूण एक दार काढून टाका!" मग सुतार म्हणून मला बोलावणं आलं.

मला राग आला. ती सगळी दारं मीच केलेली. इमारत जुनी, एकही चौकट काटकोनात नाही. प्रत्येक दार त्याच्या त्याच्या चौकटीच्या वाकड्या चालीप्रमाणे तासून, घासून, लाडीगोडी लावून बसवलेलं. पण हुकूम तो हुकूम. मी एवढंच विचारलं, "संडासाचं पण काढायचं?"

अध्यक्ष विचारात पडले. तेवढ्यात हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर सगळे रंग येऊन गेले.

"ते राहू दे," अध्यक्ष म्हणाले, आणि अख्ख्या कचेरीचा जीव भांड्यात पडला.

व्हरांड्याच्या टोकाला वाचनालय होतं आणि वाचनालयात ग्रंथपालबाई होत्या. आता सांगूनच टाकतो, त्यांच्यासाठी मी तिथली सगळी कपाटं दुरुस्त केली होती, आणि मग पुन्हा एकदा दुरुस्त केली होती. कपाटांना काहीही झालेलं नव्हतं. माझी थोरली बहीण कपाळाला हात लावायची. "अरे बाबा, एकदा मन मोकळं कर. नाहीतर त्या बिचारीच्या कपाटांचा पार भुगा होईल." मी म्हणायचो, बघू. बघूबघू करण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दारं काढायला घेतली तर बाई बाहेर आल्या आणि ओंजळ पुढे करून म्हणाल्या, "स्क्रू माझ्याकडे द्या, हरवतील." मी स्क्रू काढत गेलो आणि त्या मला नुकत्याच वाचलेल्या कादंबरीची गोष्ट सांगत गेल्या. एक माणूस घर सोडून गेलेला असतो. म्हातारपणी परत येतो, बायकोच्या दारावर थाप मारतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तिथे संपते. लेखकाने शेवट मोकळा ठेवलाय."

"म्हणजे काम अर्धवट टाकून पळाला!"

बाई इतक्या हसल्या की ओंजळीतले स्क्रू व्हरांडाभर गडगडत गेले. "अहो, तिने दार उघडलं की नाही ते आपण ठरवायचं."

"मी का ठरवू? मी काय पुस्तक लिहिलंय?"

आम्ही या दारावरून त्या दारावर भांडत गेलो. इतकं छान भांडण मी आयुष्यात केलं नव्हतं. दारं निघून मागच्या शेडमध्ये रचून झाली तरी मला पत्ता नव्हता.

आणि मग कचेरीत जी काही धमाल उडाली! घरपट्टीवाल्या साहेबांचं घोरणं पाणीपट्टीच्या रांगेपर्यंत ऐकू येऊ लागलं. हेडक्लार्क घरी फोनवर किती नमतं घेतात ते सगळ्यांना कळलं, आणि लोक त्यांच्याशी एकदम मायेने वागायला लागले. जन्ममृत्यू नोंदणीवाल्या गृहस्थांचा गळा गोड निघाला; मृत्यूचा दाखला न्यायला आलेली माणसंही फर्माईश करायला लागली. शिवाय, कपबशीखाली दडपलेल्या फायली येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू लागल्या आणि लाजेकाजेस्तव पुढे सरकू लागल्या. काही काम नसलेली माणसंसुद्धा सकाळीच येऊन बाकं धरून बसत. मीही बसे. मला म्हणे चौकटींची पाहणी करायची होती.

असाच एकदा बसलो असताना सभेच्या खोलीतून सदस्यांशी बोलणाऱ्या अध्यक्षांचा आवाज आला. त्यांनी आवाज खाली आणला होता, पण दार बंद असताना पुरेल एवढाच. जन्माची सवय ती, दार नाही हे तिला कुठलं ठाऊक!

"वाचनालयाची जागा आमच्या मेहुण्यांना उपाहारगृहासाठी देऊ. पुस्तकं गोदामात टाकू. त्या ग्रंथपालबाईंना पलीकडच्या गावात पाठवून देऊ. दुपारी ठराव करून मोकळे होऊ."

व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या. वाचनालयाच्या चौकटीत बाई हातात शिक्का घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. बाई जाणार. मी अजून बघूच म्हणतोय, आणि बाई जाणार!

अध्यक्ष बाहेर आले. सगळी बाकं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मागे दार लोटायला हात नेला, हाताला नुसती हवा लागली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सुतार!" ते ओरडले. "या खोलीला दार लाव. आत्ताच्या आत्ता! बंद दाराआड ठराव होईल."

मी शेडकडे गेलो आणि तिथेच मला दरदरून घाम फुटला. सगळी दारं एकाच मापाची दिसणारी, एकाच हिरव्या रंगाची, आणि एकावरही खूण नाही. दार उतरवलं की वरच्या कडेला पेन्सिलने आकडा घालायचा, हे शिकाऊ पोरालाही शिकवावं लागत नाही. मी घातला नव्हता. माझं लक्ष कादंबरीतल्या म्हातारीकडे होतं.

पहिलं दार नेलं, ते चौकटीत शिरेना. दुसऱ्याच्या खालून मांजर गेलं असतं. तिसऱ्याच्या बिजागऱ्या उलट्या बाजूला. तोवर बाकांवरच्या मंडळींना चेव आला होता. "आणा, आणा, पुढचं आणा!" करत लोकच दारं खांद्यावर घेऊन येऊ लागले. व्हरांड्यात दारांची ही वरात! आडवी दारं, तिरकी दारं, एकमेकांवर आपटणारी दारं. जो तो मला सल्ला देतोय. घरपट्टीवाले साहेब जागे होऊन "माझं कुठलं?" म्हणत फिरतायत. शेवटी एक दार सगळ्यांनी मिळून असं काही दामटलं की ते अर्ध्यावर जाऊन बसलं, आत जाईना की बाहेर येईना. अध्यक्ष पोट आत ओढून त्या फटीतून कसेबसे खोलीत शिरले. त्यांच्या शर्टाचं एक बटण आमच्याकडे राहिलं.

"घ्या मत!" आतून आवाज आला. "हात वर करा!"

फटीतून आम्ही सगळे बघत होतो, खालपासून वरपर्यंत डोकीच डोकी. सदस्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, मग छताकडे. एकही हात वर गेला नाही. अध्यक्षांचा गेला, पण लोकांची तोंडं पाहून तो वाटेतच डोकं खाजवायला लागला. ठराव पडला.

मग काय विचारता! लोकांनी मला उचललंच. "सुतारांनी मुद्दाम केलं! काय डोकं आहे!" माझा डबा घेऊन आलेली ताई गर्दीत सापडली होती, तीही ओरडत होती. मला खाली ठेवलं तर समोर बाई. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"मुद्दाम केलंत ना? आमच्या वाचनालयासाठी?"

ताई मागून जिवाच्या आकांताने मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण!

"नाही हो," मी म्हणालो. "खूण करायची राहून गेली."

"तुमची? एवढ्या पक्क्या सुताराची?"

"तुम्ही स्क्रू धरून उभ्या होतात. तुम्ही समोर असलात की माझी पेन्सिल माझ्याच कानावर असते आणि मी ती शोधत बसतो. तुमची कपाटंही कधी मोडली नव्हती. मला तुम्ही फार आवडता. तुम्ही जाणार असं ऐकलं तेव्हा मला रडूच येणार होतं."

एवढं सगळं मी एका दमात बोललो. सारी कचेरी ऐकत होती. पाणीपट्टीच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "जरा मोठ्याने बोला, इकडे नीट येत नाही!"

बाई लालबुंद झाल्या. हातातला शिक्का इकडून तिकडे फिरवत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही राहता कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या. खाली दुकान, वर आम्ही."

त्यांचा चेहरा पडला. "माझी आई माझ्याजवळ असते. तिच्याने जिना चढवत नाही. तिला सोडून मी कुठे येणार नाही."

मी म्हटलं, संपलं. पण ताईने डबा बाकावर आदळला आणि टाळ्या पिटायला लागली. "अरे गाढवा, आईला घेऊन येते म्हणतायत त्या!"

"दुकान वर नेतो!" मी ओरडलो.

"आणि लाकडं?" बाईंनी विचारलं.

"लाकडंही वर!"

"सगळी?"

"सगळी!"

त्याच संध्याकाळी ताईने आणि मी खालची खोली रिकामी करायला घेतली. रंध्याचं टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं, आणि मी वरच्या पायरीवर बसून वेड्यासारखा हसत सुटलो. खालून ताई ओरडत होती, "हसतोस काय, ओढ! म्हातारी उद्या घर बघायला येणार आहे!"