संताच्या घोड्याला जागा

झुल्मिराने चादरीचं चौथं टोक दोरीला बांधलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. वारा खालून, रेल्वेच्या रुळांकडून येत होता. चादर फुगायची, क्षणभर तशीच राहायची आणि मग सावकाश खाली बसायची. जून महिना, म्हणजे इकडे थंडीचे दिवस. संत योहानाच्या सणाच्या कागदी पताका अजून गच्चीभर फडफडत होत्या, आणि उतरत्या उन्हात टेकडीवरच्या उघड्या विटांची घरं गुलाबी दिसत होती.

"खाली चिमटे लाव, कोमाद्रे," क्रेउझा म्हणाली. "नाहीतर सगळे पोलीस वाकडे दिसतील."

"ते सरळ कधी होते?" निकानोर न्हावी खुर्ची उलगडत म्हणाला.

क्रेउझाने त्याला डोळ्यांनीच दटावलं. ती झुल्मिराच्या मुलाची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. आणि या घरात पोलिसांवरून चेष्टा करायची नाही हे ती गल्लीत सगळ्यांच्या आधी शिकली होती. झुल्मिराचा नवरा सार्जंट आन्सेल्मो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी कुणी पोलिसांना नावं ठेवली, की झुल्मिरा हातातलं काम खाली ठेवून म्हणायची, "असतील. माझा नव्हता." मग बोलणाऱ्याला विषय बदलण्यावाचून गत्यंतर नसे. आता तर मुलगा वेंदेलही पोलिसात लागला होता. मंगळवारी त्याचा शपथविधी होता.

सिनेमा पोलिसांवरचाच होता. दोन वर्षांपूर्वी सिनेमावाले याच टेकडीवर चित्रीकरण करून गेले, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना गर्दीत उभं राहायचं काम मिळालं होतं. झुल्मिरा एरवी सांबा मंडळाच्या कारखान्यात कार्निव्हलचे पोशाख शिवायची. तिला पोलिसांचे जुन्या धर्तीचे शर्ट शिवायला मिळाले. नमुना म्हणून तिने कपाटातला आन्सेल्मोचा शर्ट काढून दिला. पोशाखाचं काम पाहणाऱ्या मुलीने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ती म्हणाली, "दोना झुल्मिरा, हाच द्या ना. नवे शर्ट नवेच दिसतात. हा जगलेला आहे."

झुल्मिराने एक अट घातली होती. शर्ट चांगल्या माणसाच्या अंगावर गेला पाहिजे.

"नायकच घालेल," मुलगी म्हणाली होती, आणि तिने शब्द पाळला होता.

म्हणून सिनेमा झुल्मिराच्या गच्चीवर बघायचा असं आपोआप ठरलं. तो अजून थिएटरात लागायचा होता, पण स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे त्याची चोरटी प्रत येऊन पडली होती. चोरीच्या प्रतीत चोर पोलीस बघायचे, असा निकानोरचा विनोद आठवडाभर दुकानात चालला होता. न बघताच सगळ्यांची मतं तयार होती.

वेंदेल मंडळाचा प्रोजेक्टर खांद्यावर घेऊन वर आला. अंगापिंडाने बापासारखा, पण चेहऱ्यावर अजून कोवळेपण. यंत्र स्टुलावर ठेवत त्याने विचारलं, "आई, माझ्या शर्टाला खिसा लावलास?"

"उद्या सकाळी लावते."

"बाबांसारखाच हं. घोड्याला जागा ठेव."

झुल्मिरा हसली. हा घरातला जुना विनोद होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आन्सेल्मोने शर्टाच्या आतून, डाव्या बाजूला, एक छोटा खिसा लावून मागितला होता; घोड्यावर बसलेल्या संत जॉर्जची छोटी तसबीर ठेवायला. बंदुकीच्या गोळ्यांशी गाठ असलेल्या माणसाला पाठीराखा म्हणून संत जॉर्ज लागतोच. तिने तसबिरीच्या मापाचा खिसा लावून दिला. काही वर्षांनी तो म्हणाला, जरा मोठा कर. "का? संत जाड झाला?" तिने विचारलं होतं. "संत नाही," तो म्हणाला होता, "त्याच्या घोड्याला जागा लागते." दोघं पोट धरून हसले होते. तेव्हापासून प्रत्येक शर्टाला तिने तळहाताएवढा खिसा लावला, आणि प्रत्येक वेळी तिला त्या घोड्याचं हसू आलं.

अंधार पडला. क्रेउझाने मक्याची खीर वाटली, निकानोरने आल्याची गरम दारू. चादरीवर आधी नुसता निळा उजेड सांडला, मग टेकडी आली. हीच टेकडी, पण दिवसाची. लोक आपापली घरं ओळखून बोटं दाखवू लागले. टेकडीवर बसून टेकडी पाहताना खरी कुठली हे झुल्मिराला क्षणभर कळेना.

मग पायऱ्यांवरून तो शर्ट चढत आला.

नट कोण, त्याचा चेहरा कसा, हे तिने पाहिलंच नाही. तिने उजवं कोपर पाहिलं. तिथे तिनेच रफू केलं होतं. कॉलर पाहिली, ती एकदा उसवून उलटी करून पुन्हा लावलेली. वाऱ्याने चादर फुगली आणि शर्टाची छाती वर आली, खाली गेली. तिने ताटली मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. घरी येताना तो असाच पायऱ्या चढायचा, शेवटच्या पायरीवर थांबून श्वास घ्यायचा. तिच्या मनात आलं, आता हा चादरीतून उतरून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेल आणि खिरीत साखर कमी आहे म्हणेल. तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं.

"आन्सेल्मोच," क्रेउझा कुजबुजली.

सिनेमातला पोलीस सरळ होता. वरिष्ठांना नडत होता, साथीदारांशी भांडत होता, घरी येऊन बायकोजवळ गप्प बसत होता. गच्चीची मतं चढ्या आवाजात चालूच होती.

"असा पोलीस मी जन्मात पाहिला नाही," कुणी म्हणालं.

"एवढा देखणा तर नाहीच नाही."

"बदनामी करायला काढलाय सिनेमा."

"कसली बदनामी? आरती ओवाळलीय नुसती."

"जरा बघू द्या की."

झुल्मिराची मान ताठ झाली होती. आपला शर्ट चांगल्या माणसाच्या अंगावर आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

मग दुपारचा प्रसंग आला. रिकामं कॅफे, वर फिरणारा पंखा, आणि समोर आकड्यांचा बेकायदा जुगार चालवणारा म्हातारा. त्याने नोटांची घडी टेबलावर ठेवली आणि रस्त्याकडे बघत बसला. नायकही रस्त्याकडे बघत होता. पंखा फिरत राहिला. लांब कुठेतरी गाडीची शिट्टी वाजली, ती इथली की सिनेमातली, सांगता आलं नसतं.

नायकाने शर्टाचं वरून दुसरं बटण काढलं. घडी उचलली. हात आत गेला, डावीकडे, काखेच्या जरा खाली, आणि रिकामा बाहेर आला.

गच्ची खदखदून हसली.

"अरे, सिनेमावाल्यांना तर सगळंच ठाऊक आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "खिशासकट."

झुल्मिरा हसली नाही. तिने शिवलेल्या बाकी शर्टांना तसा खिसा नव्हताच. तो घरचा, संताचा, म्हणून तिने नमुन्यातून मुद्दाम वगळला होता. सिनेमावाल्यांना तिने त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नव्हतं. घडी हातात घेतलेल्या माणसाला ती कुठे ठेवायची हे शर्टानेच दाखवलं होतं.

आणि ते दुसरं बटण. आन्सेल्मोचं ते नेहमी उघडं असायचं. गरम होतं म्हणायचा. थंडीतसुद्धा. ती दारात उभी राहून त्याला लावायला सांगायची आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ते पुन्हा उघडलेलं असायचं.

तिने वेंदेलकडे पाहिलं. प्रोजेक्टरच्या फटीतला उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता. तो सिनेमा बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता. नजरानजर होताच तो वाकला आणि यंत्राची कसलीतरी कळ फिरवू लागला, जी फिरवायची काही गरज नव्हती.

सिनेमा संपला तेव्हा आठही वाजले नव्हते. लोक उठले नाहीत. आता खरी चर्चा सुरू झाली होती.

"मला नाही पटलं," क्रेउझा म्हणाली. "इतका चांगला माणूस, आणि एका दुपारी घसरला?"

"एका दुपारीच घसरतात, दोना क्रेउझा. सगळ्या दुपारी कोण घसरतं?"

"पोराच्या आजारपणासाठी घेतले त्याने."

"पोरं सगळ्यांचीच आजारी असतात."

"पण घेताना त्याचा चेहरा बघितलास? मला तर रडू आलं."

"आणि नंतर नवा फ्रिज आला तेव्हा?"

पुन्हा हशा पिकला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की झुल्मिरा अजून चादरीकडेच बघते आहे. चादर आता कोरी होती. हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं.

"आन्सेल्मो वेगळा होता म्हणा," क्रेउझा घाईघाईने म्हणाली.

"वेगळाच," दोघातिघांनी एकदम दुजोरा दिला.

"सोन्यासारखा माणूस," निकानोर म्हणाला. जिवंत किंवा मेलेल्या, कुणाबद्दलही त्याच्या तोंडून चांगला शब्द आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "सार्जंट होता तोवर माझ्या दुकानाची काच कधी फुटली नाही. शेजारच्याची दोनदा फुटली."

"शेजारच्याची का फुटली, निकानोर?" झुल्मिराने विचारलं.

तिचा आवाज अगदी साधा होता. निकानोरने हातातला पेला तोंडाला लावला. त्यात काही उरलं नव्हतं.

"तो पैशाच्या बाबतीत जरा हट्टी होता," तो म्हणाला.

मग सगळ्यांना एकाच वेळी सोमवारची कामं आठवली. खुर्च्या मिटल्या गेल्या. जाताना क्रेउझाने तिला मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. झुल्मिराला त्या मिठीत सगळं कळलं. हे लोक तिचं "माझा नव्हता" इतकी वर्षं ऐकून घेत आले होते. कुणी तिला वेडी ठरवलं नव्हतं. तिच्यावर प्रेम होतं त्यांचं, आणि त्याचाच तिला त्या क्षणी राग आला.

वेंदेल यंत्र घेऊन खाली गेला. ती एकटीच गच्चीवर उभी राहिली. खाली दिव्यांची टेकडी पाण्यात पडल्यासारखी हलत होती. पायाखाली स्लॅब थंड होता. तो टाकला त्या रविवारी सगळी गल्ली आली होती. बादल्या हातोहात वर चढत होत्या, खाली काळ्या घेवड्याची फेइजोआदा शिजत होती, निकानोर गात होता. सिमेंट कुठून आलं हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नव्हतं विचारलं. संताला घोडा मिळाला तो त्याच वर्षी. तिने चपला काढल्या आणि जरा वेळ अनवाणी त्या स्लॅबवर उभी राहिली. मग चादर काढली, घडी घातली आणि खाली गेली.

सकाळी वेंदेल उठला तेव्हा शिलाई मशीन चालू होतं. झुल्मिराच्या समोर त्याचा नवा शर्ट आतून बाहेर काढून पसरलेला होता. शेजारी कापडाचा तुकडा होता आणि आन्सेल्मोची संत जॉर्जची तसबीर.

तसबीर तिला शोधावी लागली नव्हती. ती इतकी वर्षं पलंगाजवळच्या खणातच होती. कोपरे धारदार, कुठे घामाचा डाग नाही. शर्ट धुवायला टाकताना ती खिसे तपासायची, पण संत कधी खिशात सापडला नव्हता. नवरा किती नीटनेटका, आठवणीने काढून ठेवतो, असं तिला वाटायचं.

तिने कापड तसबिरीच्या मापाने कापलं. जेवढा संत, तेवढंच. शर्टाच्या आत डावीकडे टाचलं, तसबीर मध्ये सरकवली, आणि मशीनची सुई एका बाजूने नेली, वळवली, दुसरी बाजू, वळवली, तिसरी. तिथे ती थांबली. मशीनवर हात ठेवून जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. आन्सेल्मो तिला अजून हवा होता, तसाच, पायऱ्या चढून येणारा. यात काही फरक पडला नव्हता, आणि तेच तिला सगळ्यात जड जात होतं. मग तिने कापड वळवलं आणि चौथी बाजूही शिवून टाकली.

"घालून बघ," ती म्हणाली.

वेंदेलने शर्ट अंगावर चढवला. आपसूक त्याचा हात आत गेला. बोटांनी कडेकडेने चाचपलं, वरून, खालून.

"आई, हा उघडत नाही."

"उघडायचा कशाला? संत आत आहे."

तो तसाच उभा राहिला, हात शर्टात, काल रात्री चादरीवर नायक दिसला होता तसा. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या छातीकडे.

"आणि घोडा?" त्याने हळूच विचारलं.

झुल्मिराने उरलेला दोरा दाताने तोडला.

"घोडा नको. संताला पायी चालू दे."

वेंदेल हसला नाही. त्याने हात बाहेर काढला आणि खालून वर एकेक बटण लावत आणलं. दुसऱ्या बटणापाशी त्याची बोटं थांबली. मग त्याने तेही लावलं.