तीन पीळ, डावीकडे

तारेला तीन पीळ होते, डावीकडे वळलेले, आणि टोक आत मुडपलेलं — दुर्बिणीशिवायही इसिंगोमाला ते दिसलं असतं. त्या तारेत रुबाचं मनगट सुजलं होतं. तीन वर्षांचं चिंपांझीचं पिल्लू. नावही त्यानंच ठेवलेलं. पिल्लाची आई रुहारा झाडावर बसून दातांनी तार ओढत होती आणि प्रत्येक ओढीसरशी फास आवळत होता.

"अमूती, हात कुणाचा?" सोबतच्या कुसिइमानं त्याला लाडक्या नावानं हाक मारत विचारलं. अकरा वर्षं दोघं याच कळपामागे फिरत होते. "तू जुना शिकारी. पीळ बघून माणूस सांगतोस म्हणून तर तुला नोकरीवर घेतलं. तोंड बघून कोण घेणार होतं?"

"लांब आहे," तो म्हणाला.

घड्याळ वाजलं. दर पंधरा मिनिटांनी लिहायचं, हात लावायचा नाही. त्यानं लिहिलं — आई तार ओढते. पुढचा रकाना, फास कुणाचा... पेन्सिल तिथंच थांबली.

बाप डावखुरा होता, त्याला आठवलं. रानातल्या छोट्या हरणांसाठी फास लावायचा — चिंपांझीसाठी कुणीच लावत नाही, भाऊ कातोही हेच म्हणेल, रडेलसुद्धा. उंबरठ्यावर बसवून बापानं आम्हा जुळ्यांना हा पीळ शिकवला. आता तो घालणारे दोनच उरलो, कातो आणि मी, आणि मी फास लावणं सोडून अकरा वर्षं झाली. नाव लिहिलं तर भाऊ तुरुंगात, त्याची पाच पोरं उघड्यावर. नाही लिहिलं तर उद्या पुन्हा तार, दुसरं पिल्लू. आणि गेल्या रविवारी त्याच्याकडे जेवलो तेव्हा नाचणीच्या उंड्याबरोबर मांस होतं. कसलं, ते मी विचारलं नव्हतं... दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

"डॉक्टर उद्या येतील कंपालाहून," कुसिइमा म्हणाली. "तोवर पंजा राहिला तर."

त्यानं मान हलवली. वर रुहारानं ओढणं थांबवलं होतं. पिल्लाला पोटाशी धरून ती नुसती बसली होती. त्यानं शेजारी पाहिलं. कुसिइमाची दुर्बीण मांडीवर होती आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती.

त्याच्या बोटांत गवताची काडी होती. तीन पीळ, डावीकडे, टोक आत.

तो घाईनं काडी सोडवायला गेला. ती आणखीच आवळली. घालायला बापानं शिकवलं होतं, सोडवायचा विषय त्या उंबरठ्यावर कधी निघालाच नव्हता. घड्याळ पुन्हा वाजलं. कुसिइमानं आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं, काय ते त्याला दिसलं नाही. हात कुणाचा, हे तिनं पुन्हा एकदा विचारावं, असं त्याला सकाळपासून पहिल्यांदाच वाटलं.