उन्नतीचं मशीन

बावीस वर्षांत सासूबाईंनी माझं एकच कौतुक केलं: तुळशीनं घासलेल्या ताटात तोंड बघून घ्यावं. माझी भाकरी त्यांना जाड वाटते, मटण तिखट वाटतं. भांड्यांना मात्र कधी नाव ठेवलं नाही.

आणि आता धाकट्या जावेनं, उन्नतीनं, मांजर्लीच्या फ्लॅटमध्ये डिशवॉशर घेतला. सासूबाई तिच्याकडे दोन दिवस राहून अंबरनाथला आमच्याकडे परतल्या, त्या मशीनचे गोडवे गातच. वाट्या कशा कोरड्या, ग्लास कसे लख्ख. माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी सगळे उन्नतीकडे मटण-भाकरीला जमलो. जेवणं उरकल्यावर मी सवयीनं पदर खोचून सिंककडे गेले, तर तिनं मला अडवलं आणि मशीन भरायला शिकवलं. हाडं, शितं आधी झटकायची. ताटं उभी, मध्ये फट ठेवून. वाट्या पालथ्या, तिरप्या. एकीत एक घालायची नाही. खालून पाणी उडवणारा पंखा मोकळा फिरला पाहिजे. एवढं सांगून ती पाहुण्यांना सुपारी द्यायला बाहेर गेली.

मला सगळं नीट समजलं होतं. तरी मी वाट्या एकीत एक बसवल्या, घरी मांडणीवर रचते तशा. ताटं एकमेकांना चिकटवली. मोठा डाव असा उभा खुपसला की त्याचा दांडा खालच्या पंख्याला अडावा. दार लावून बटण दाबलं.

चहाच्या वेळी उन्नतीनं सासूबाईंसमोर दार उघडलं. वाट्यांना आतून तेलकट तर्री तशीच होती, ताटांवर शितं वाळली होती. उन्नतीनं डाव बाहेर ओढला, माझ्याकडे बघितलं.

"आई, माझंच चुकलं," ती म्हणाली. "घाईत नीट लावलं नाही मी."

सासूबाई हसल्या. "मशीन ती मशीन. जा गो तुलशे, घे घासून. तुझ्यासारका हात कोनाचा नाय."

हेच ऐकायला माझा जीव आसुसला होता. चौदा माणसांची भांडी घेऊन मी सिंकपाशी उभी राहिले. बाहेर चहा, गप्पा चालल्या होत्या. उन्नती शेजारी येऊन मी घासलेलं एकेक भांडं विसळू लागली. मी तिच्या विचारण्याची वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. शेवटची वाटी विसळून झाली तरी तिनं काहीच विचारलं नाही.