एकतीस हजार किलोमीटरची लाल गाडी

साहेब, तुम्ही एका म्हातारीला घाटात लोटायला निघाला होतात. खुर्चीत बसून, चहा पीत, एक शिक्का मारून! तुमचं नाव इथं लिहीत नाही. पण ही गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत वाचायचीच आहे. आणि वाचकहो, तुम्हीही लांब उभे राहून मजा बघू नका. यात तुमचा-माझाही हात आहे.

बेळगावच्या एका कॉलेजात गणित शिकवणारे यशपाल सर कित्येक वर्षं एका गाडीचं स्वप्न बघत होते. दोन दारांची, दोनच सीटची, जमिनीला चिकटून पळणारी जुनी स्पोर्ट्स कार. या भागात त्या मॉडेलच्या दोनच गाड्या विकायला निघाल्या. एक गुंजी गावात, एका घरामागच्या शेडमध्ये. लाल, चकचकीत, मीटरवर फक्त एकतीस हजार किलोमीटर. दुसरी उचगावच्या मारुतीरावांची. ते तिच्यातूनच रोज आपल्या काजूच्या कारखान्यावर जात. मीटरवर एक लाख अठ्ठेचाळीस हजार!

"किंमत जवळपास सारखीच. मग यात विचार कसला करायचा?" सरांनी सुनयनाला विचारलं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं गॅरेज चालवते.

"सर, गाडी किती पळाली ते मीटर सांगतंय. कशी आहे ते सांगत न्हाय."

"ते राहू दे गं. शाळेत पुस्तकं दुसऱ्याची, कपडे दुसऱ्याचे, कॉलेजात सायकल दुसऱ्याची. आता निदान ही एक वस्तू तरी कुणी न झिजवलेली पाहिजे मला."

 रविवारी सुनयना हत्यारांची पेटी घेऊन सोबत निघाली.

बरोबर सरांची आई यल्लव्वाही होती. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडलेली. गाडी घ्यायची, आईला शेजारी बसवायचं आणि तवंदी घाट उतरून थेट निपाणीच्या जुन्या गल्लीत जायचं, असं सरांनी ठरवूनच टाकलं होतं.

गुंजीच्या शेडमध्ये दलाल नागेंद्रनं गाडीवरचं कापड ओढलं. "बघा सर! डॉक्टरची गाडी. बारा वर्सं भायेर काढली न्हाय. नवरीसारखी जपलीया."

"बारा वर्सं कोंडल्याली नवरी?" यल्लव्वा म्हणाली. "मग आदी तिची तब्येत बघा रं बाबांनो."

सुनयना खाली बसली. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांवर तिनं बोट ठेवलं. "सर, शेवटचे दोन वाचा."

"अकरा."

"म्हंजे टायर २०११ सालचे. वरनं नवे दिसत्यात, पण कडेच्या ह्या भेगा बघा." मग तिनं बॉनेट उघडलं. वायरींत उंदरानं घर केलं होतं. ब्रेक ऑइल काळंकुट्ट.

सरांचं कुतूहल चाळवलं. "मीटर मागं फिरवलंय का?"

"न्हाय सर. पेडलच्या रबरावरची नक्षीसुद्धा झिजली न्हाय. आकडा खरा हाय. तीच तर गंमत!"

"पण न चालवता गाडी खराब कशी होईल?"

उत्तर यल्लव्वानं दिलं. "वखारीत तंबाखूची थप्पी लावत्यात, ती मधनं मधनं पलटावी लागतीया रं. न्हाय पलटली तर वरनं सोन्यासारखी दिसतीया आन् आतनं तापून कुजतीया. हात घातल्याबिगर कळत न्हाय."

"आज्जी, बरोबर बोललासा. हे ब्रेकचं ऑइल उभ्या गाडीतबी हवेतलं पाणी ओढतंय. रबर वाळतंय, पाइप आतनं गंजतोय."

नागेंद्रनं घाईनं एक कागद पुढं केला. "मॅडम, उगा भ्या घालू नका. गेल्या म्हैन्यात आरटीओत पासिंग झालंय. सही, शिक्का, समदं हाय. ब्रेक समाधानकारक, असं लिवलंय बघा."

सरांचा चेहरा उजळला. "सरकारी माणसानं तपासलंय, मग झालं की! आई, बस."

"आज्जी बसणार न्हाईत," सुनयना दारात आडवी उभी राहिली. "सर, रागवा पायजे तर. आदी एकटे अंगणात फिरवा."

नागेंद्रनं घातलेल्या नव्या बॅटरीवर इंजिन असं गुरगुरलं, की सर लहान मुलासारखे हसले. त्यांनी पहिला गिअर टाकला, गाडी दहा-पंधरा पावलं गेली आणि त्यांनी ब्रेक दाबला. पेडल फटकन् तळाला टेकलं. गाडी थांबलीच नाही! लाल नाक समोरच्या गवताच्या गंजीत घुसलं, तेव्हा कुठं इंजिन बंद पडलं.

सर बाहेर आले.  त्यांनी रिकाम्या डाव्या सीटकडे बघितलं. मग घाटाचा उतार आठवला असावा. ते मटकन् खाली बसले.

"ब्रेकचा पाइप फुटला," सुनयना गाडीखालून म्हणाली. "नागेंद्रअण्णा, ही गाडी पासिंगला गेलती कशी?"

"गाडी कुठं जातीया? कागद जातोय!" नागेंद्र चिडून बोलून गेला. "मीटरचा फोटो पाठवला. एकतीस हजार बघून सायेबच म्हणाले, ही तर नवीच हाय."

ऐकलंत ना साहेब? आणि सरांनी तरी दुसरं काय केलं होतं?

"मीही तेवढाच आकडा बघितला," सर पुटपुटले. "गणिताचा मास्तर मी! मला फक्त न वापरलेलं काहीतरी हवं होतं."

यल्लव्वानं आपले दोन्ही तळवे त्यांच्यापुढं धरले. तंबाखूनं तपकिरी झालेले, भेगाळलेले. "हे बघ. हेबी लई वापरल्याले हाईत. टाकतूस काय?"

सर उठले आणि त्यांनी नागेंद्रला किल्ली परत दिली.

तिघं तिथून थेट उचगावला गेले. मारुतीरावांनी आधी दोषच सांगितले. "डावी काच हातानं वर वडावी लागतीया. छत एका कोपऱ्यात गळतंय. क्लच बदललाय, ब्रेकचं सामान दिवाळीत नवं घातलंय. सीट फाटलीया, ती माझ्या वजनानं!"

सुनयनानं तासभर गाडी खालून-वरून तपासली, स्वतः चालवली. भर वेगात ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, थोडक्या अंतरात उभी राहिली. मग सौदा ठरला, यल्लव्वा सरांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "चल आता. पन सावकाश रं."

वाचकहो, मीटर जरूर वाचा, पण तिथं थांबू नका. खाली वाका, हात काळे करा, जाणत्या माणसाला सोबत न्या. रोज चाललेली आणि वेळच्या वेळी दुरुस्त केलेली गाडी ही कोंडून ठेवलेल्या गाडीपेक्षा भली असू शकते. आपण कमी आकड्याला भुलतो, म्हणूनच नुसता आकडा विकणाऱ्यांचं फावतं. आकडा वाचणं म्हणजे तपासणी नव्हे!

आता साहेब, तुमच्याकडे वळतो. यशपाल सरांनी तुमच्या कार्यालयाला लेखी अर्ज दिलाय. पोच मिळाली, उत्तर नाही. प्रश्न एकच आहे. त्या लाल गाडीचा ब्रेक समाधानकारक असल्याचं तुम्ही लिहून दिलंत. तो ब्रेक नेमका कुणाच्या पायानं दाबून बघितला होता? त्या माणसाचं नाव सांगा.