कबूतर, जातं आणि कोल्हा

माणूस खोटं बोलेल, पंचांग खोटं बोलेल, पण बेरिंग जन्मात खोटं बोलत नाही. हे त्रिकालाबाधित सत्य आहे. फक्त ते ऐकू यावं लागतं.

कर्जतला दहिवलीच्या अंगाला बुधाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. कान होता. गाडीचं चाक जॅकवर उचलायचं, ड्रायव्हरनं ते हातानं गरागरा फिरवायचं, आणि बुधाजीनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवून मूठ कानाशी धरायची. डोळे मिटून. मग निकाल. कबूतर घुमतंय म्हणजे बेरिंग महिनाभर चालेल. जातं फिरतंय म्हणजे आठवडा. कोल्हा ओरडला, तर गाडी तिथंच सोडून घरी चालत जायचं. पार खालापूरपर्यंतचे ड्रायव्हर या तीन जनावरांच्या भरवशावर गाड्या हाकायचे. जातं हे जनावर नव्हे, पण बुधाजीला सांगणार कोण?

शहात्तरच्या उन्हाळ्यात सहदेव त्याची टॅक्सी घेऊन आला. कर्जत-कशेळे वाहतूक करणारी ती जुनी गाडी हीच त्याची शेती आणि हीच नोकरी. हल्ली ती गावाच्या वेशीवर आली की कशेळ्याचा हॉटेलवाला चहाचं आधण ठेवायचा, इतका तिचा आवाज आधी पोचायचा.

"उजवं वळण घेतलं की डावं चाक बोंबलतंय, काका."

चाक उचललं. सहदेवनं फिरवलं. गॅरेजपुढचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसलं.

डोळे मिटलेला बुधाजी म्हणाला, "फिरव की रं."

"फिरवतोय की!"

"मग फिरव ना!"

सहदेवचा हात थांबला. याच माणसानं त्याला गाडी शिकवली होती. सहदेव हळूच चाकाला हात घालत म्हणाला, "वर-खाली धरून हलवून बघू का? चाक ढिलं असंल तर हाताला कळंल."

बुधाजीला सहदेवचे ओठ दिसले नाहीत, तरी चाकावरचा हात दिसला असावा. बुधाजीनं एक डोळा उघडला होता. "हात लावून बघायला मी काय वैद्य हाय?"

डोळा पुन्हा मिटला. मग तीस वर्षांत कधी कुणाला न विचारलेला प्रश्न त्यानं विचारला.

"कबूतरच ना रं?"

सहदेवनं त्याच्या खांद्याला हात लावला, डोळे उघडायला लावले आणि होकारार्थी मान हलवली. "कबूतरच, काका."

"मग म्हैना हाय अजून."

तिसऱ्या दिवशी आम्ही सातजण त्या टॅक्सीतून कशेळ्याला निघालो होतो. एका उजव्या वळणावर कोल्हा एकदम गप्प झाला. कोल्हा ओरडण्यापेक्षा गप्प होणं वाईट, हे बुधाजीच्या यादीत नव्हतं. चाक जाम झालं, गाडी चरात उतरली. आमच्यातल्या चंद्राबाईंची तीन डझन अंडी सोडली तर कुणाला इजा नाही. पुढच्या चाकांचा दांडा मात्र वाकून गेला होता.

कुणीतरी बुधाजीला सायकलवर बसवून आणलं. त्यानं चाक काढायला लावलं. बेरिंगच्या गोळ्या जळक्या फुटाण्यांसारख्या बाहेर पडल्या. वाकलेल्या दांड्यावर तो हात फिरवत राहिला, वैद्यासारखा. गाडी भंगारात जाणार, हे बोलायची कुणाला गरज वाटली नाही.

"कबूतर नव्हतं."

"नाय."

"काय?"

"नाय म्हणतोय!" सहदेव ओरडला. "कोल्हा व्हता! तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय!"

आम्हा सातजणांना स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत तालुक्याला ऐकू जाणार होतं. बुधाजीनं स्क्रू-ड्रायव्हर धोतराला पुसला आणि चराच्या काठावर बसला.

"कसा ओरडत व्हता? काढून दाखव."

सहदेवनं मेलेल्या गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून, बुधाजीच्या कानाशी तोंड नेऊन, पोटातून कोल्ह्यासारखा ओरडला. माळावरच्या शेळ्या उधळल्या.

बुधाजी डोळे मिटून ऐकत होता. मग त्यानं मान वळवली.

"आता ह्या कानात काढ."